टमी टक नऊ दिवसांवर आणि जांघेत केसतोड: तारीख ठेवायची की ढकलायची?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, राहायला डोंबिवली. अंधेरीच्या एका रुग्णालयात नऊ दिवसांनी टमी टक (पोटावरची सैल कातडी कापून पोट आवळण्याची शस्त्रक्रिया) आणि कमरेचं लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं) ठरलंय. वॅक्सिंगनंतर उजव्या जांघेत केसतोड झाला, थोडा पू आला. फॅमिली डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं. कालपासून घसाही खवखवतोय. पोटाच्या घडीखाली नायटा आहे, ‘पण तो जुनाच, त्याची गोळी चालू आहे’. तीन आठवड्यांची रजा मंजूर, अ‍ॅडव्हान्स भरलेला. सर्जनना सांगितलं तर तारीख जाईल. न सांगता गेलं तर चालेल का?

नाही चालणार, ताई. आजच फोन करा. केसतोड आणि घसा, दोन्हींची काळजी तुम्ही करताय ते बरोबरच आहे. पण तुम्ही जाता जाता लिहिलेली नायट्याची गोळी मला या तिघांत जास्त महत्त्वाची वाटते. तिच्याकडे येतोच.

आधी मूळ मुद्दा. अपेंडिक्स फुटायला आलं असेल तर सर्दी-खोकल्यातही ऑपरेशन करावंच लागतं, कारण थांबण्याचा धोका जास्त असतो. पोटावरची सैल कातडी थांबायला तयार असते. ती महिन्याने काढली तरी तब्येतीचं काही बिघडत नाही. त्यामुळे इथे तराजूच्या एका पारड्यात रजा आणि पैसे आहेत, दुसऱ्यात जखम उघडण्यापासून भुलेतल्या गुंतागुंतीपर्यंत सगळं. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेत ‘इन्फेक्शन किती लहान आहे’ याला फारसा अर्थ नाही. ते कुठे आहे, श्वासावर किंवा रक्तावर त्याचा परिणाम होतोय का आणि त्यासाठी पोटात काय काय गेलंय, यावर निर्णय ठरतो.

केसतोड

दंडावर किंवा पोटरीवर असता तर निर्णय थोडा सोपा झाला असता. जांघेतला आहे म्हणून अवघड. टमी टकचा छेद ओटीपोटावर खाली, जघनाच्या केसांच्या रेषेलगत, कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातो. तुमचा केसतोड या रेषेपासून चार-पाच बोटांवर असणार. त्या भागातली लसिका (पेशींभोवतीचा पातळ द्रव) ज्यांत गाळली जाते त्या गाठीही तिथेच, जांघेत.

शिवाय या शस्त्रक्रियेत नुसती कातडी कापून शिवत नाहीत. कातडी आणि चरबीचा अख्खा पदर खालच्या स्नायूंपासून बरगड्यांपर्यंत मोकळा करतात, खाली ओढतात, जास्तीचा कापतात आणि मग शिवतात. पदर मोकळा करताना त्याला रक्त पुरवणाऱ्या बऱ्याच वाहिन्या तुटतात. उरलेलं रक्त वरून आणि बाजूंनी येतं, त्यामुळे खालच्या शिवणीचा मधला भाग रक्तपुरवठ्यापासून सगळ्यात लांब पडतो. जखम उघडायची झाली तर बहुधा तिथेच उघडते, आणि तुमची जांघ त्याच्या शेजारी. पदराखाली मोठी पोकळी राहते, त्यात पाणी साठतं. म्हणून ड्रेन, म्हणजे ते पाणी बाहेर काढणारी नळी, ठेवतात. कोमट, पाणी साठलेली, रक्त कमी पोहोचणारी पोकळी: जंतूंना याहून सोयीची जागा नाही.

केसतोड बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होतो. तो फोडातच बसून राहतो असं नाही. आजूबाजूच्या कातडीवर, नखांखाली, टॉवेलवर आणि अनेकांच्या नाकपुडीतही असतो. १९५७ मध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या कातडीवर एक प्रयोग केला होता. नुसते जंतू टोचले तेव्हा पू व्हायला लाखो जंतू लागले. रेशमी टाका असलेल्या जागी मात्र काही शे जंतू पुरले. बाहेरची वस्तू शरीरात असली की जंतूंचं काम इतकं सोपं होतं. टमी टकमध्ये आत खोलवर टाक्यांची अख्खी रांग असते. स्तनात इम्प्लांट बसवायचं असेल तर ‘आधी इन्फेक्शन पूर्ण जाऊ द्या’ हा नियम आणखी कडक पाळतात, कारण इम्प्लांटवर जंतूंचा चिकट थर बसला की औषध तिथपर्यंत पोहोचत नाही. इम्प्लांट काढावं लागतं आणि पुन्हा बसवायला निदान तीन महिने, बरेचदा सहा महिने थांबावं लागतं.

आता केसतोडाचं काय करायचं. पिळू नका. जांघेत पिळलेला फोड बाहेर कमी आणि आत जास्त फुटतो. स्वच्छ कापड गरम पाण्यात बुडवून, पिळून, १० ते १५ मिनिटं शेक द्या, दिवसातून तीन-चार वेळा. कापड दर वेळी वेगळं घ्या आणि वापरलेलं उकळत्या पाण्यात टाका. हळदीचं पोटीस, काळं मलम, टूथपेस्ट वगैरे लावू नका. त्याने नुकसान होवो न होवो, कातडीचा रंग बदलतो आणि लाली किती पसरली हे तपासणाऱ्याला कळत नाही. बॉलपेनने लालीच्या कडेने रेष काढून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेषेबाहेर गेली, ताप आला किंवा मांडीवर लाल पट्टा चढताना दिसला, तर गोळ्या संपायची वाट न बघता दाखवा. बोटाने दाबल्यावर मऊ, पाणी भरल्यासारखं लागत असेल तर आत पू साठलाय. तो नुसत्या गोळीने जात नाही, छोटा छेद देऊन काढावा लागतो. त्या वेळी पू कल्चरला (जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, या तपासणीला) पाठवायला सांगा. नेहमीच्या औषधांना दाद न देणारा स्टॅफ निघाला तर शस्त्रक्रियेच्या दिवशी कोणतं अँटिबायोटिक द्यायचं तेच बदलतं.

‘भरलं’ कधी म्हणायचं? पू थांबला की नव्हे. खपली पडून गेलेली, खाली कोरडी गुलाबी कातडी, दाबल्यावर न दुखणारी, आत गाठ नाही. एवढं व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. आणि वर्षातून तीन-चार वेळा जांघेत किंवा काखेत असे फोड येत असतील, एकाच जागी परत परत, खाली दोरीसारखे व्रण राहत असतील, तर तो साधा केसतोड नसून वेगळा आजार असू शकतो. आधी त्वचारोगतज्ज्ञ, आणि सोबत एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी. वारंवार गळवं येणाऱ्या माणसात न सापडलेला मधुमेह निघणं हे काही नवल नाही.

पाच दिवसांच्या गोळ्यांचा हिशेब

‘कोर्स पूर्ण होईल, मग चार दिवस हातात आहेत’ असा तुमचा हिशेब दिसतो. गोळ्या चालू असताना फोड शांत दिसणं आणि फोड बरा होणं यांत फरक आहे. गोळी बंद केल्यावरही तो शांत राहिला तरच खरं बरं झालं म्हणायचं. म्हणून साधारण रीत अशी: कोर्स पूर्ण करायचा आणि त्यानंतर निदान एक आठवडा, अँटिबायोटिकशिवाय, काहीही लक्षण नसताना जायला हवा.

दुसरा गैरसमज असा की ‘ऑपरेशनच्या वेळी अँटिबायोटिक देतातच, मग काय बिघडलं’. ते इंजेक्शन प्रतिबंधासाठी असतं. साधारणपणे सेफाझोलिन २ ग्रॅम, वजन १२० किलोच्या वर असेल तर ३ ग्रॅम, छेद घेण्याच्या आधीच्या ६० मिनिटांत. स्वच्छ कातडीवरचे जे थोडे जंतू जखमेत पडतात त्यांच्यासाठी ते आहे. शेजारी पू असलेल्या जागेसाठी नाही. ते जास्त दिवस दिल्याने जास्त संरक्षणही मिळत नाही. अशा शस्त्रक्रियांत २४ तासांच्या पुढे ते चालू ठेवायचं सहसा कारण नसतं.

गोळीचं नाव मात्र सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांना कळलंच पाहिजे. लिनेझोलिड चालू असेल तर दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल देताना हात आखडावा लागतो, कारण दोन्ही मिळून मेंदूतलं सेरोटोनिन धोकादायक पातळीवर नेऊ शकतात. अ‍ॅझिथ्रोमायसिन शेवटच्या गोळीनंतरही कित्येक दिवस शरीरात राहतं आणि प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाची विद्युत-क्रिया पूर्ववत व्हायला लागणारा वेळ (ईसीजीवरचं क्यूटी अंतर) लांबवू शकतं. उलटी थांबवायला भुलेनंतर सर्रास दिलं जाणारं ऑनडॅनसेट्रॉनही तेच करतं. अशा वेळी भूलतज्ज्ञ ईसीजी पाहून औषध बदलतात. बदलायला आधी माहीत हवं.

नायटा आणि त्याची गोळी

आता ती नायट्याची ओळ. मुंबईच्या दमट हवेत पोटाच्या घडीत, स्तनांखाली, जांघेत नायटा होणं इतकं नेहमीचं आहे की लोक तो आजारात धरतच नाहीत. मेडिकलमधून एखादी ट्यूब आणायची, दोन दिवसांत खाज थांबते, महिन्याने परत. यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. बुरशी खाली पसरत राहते आणि कातडी कागदासारखी पातळ होते. पातळ झालेल्या कातडीत टाका नीट धरत नाही, जखम उशिरा भरते. त्यामुळे ट्यूब घरात शोधा, तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा, फोटो काढून सर्जनना पाठवा.

गोळी बहुधा इट्राकोनॅझोल असणार, हल्ली नायट्यावर तीच जास्त दिली जाते. यकृतातलं एक एन्झाइम ती अडवते. भूल देताना वापरली जाणारी बरीच औषधं मोडायचं काम त्याच एन्झाइमकडे असतं. झोपेसाठी देतात ते मिडाझोलाम मग जास्त वेळ अंगात राहतं. फेंटॅनिलचंही तसंच. आणि तुमचं लायपोसक्शन आहे म्हणून तिसरं नाव सर्वांत महत्त्वाचं: जागा बधिर करणारं लिडोकेन.

लायपोसक्शनच्या आधी चरबीत लिटरच्या हिशेबाने पाणी भरतात. एका लिटर सलाइनमध्ये साधारण ५०० ते १००० मिलिग्रॅम लिडोकेन आणि १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन. अ‍ॅड्रेनलिनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव कमी होतो आणि लिडोकेन हळूहळू रक्तात येतं. म्हणूनच एरवी टाके घालताना अ‍ॅड्रेनलिनसोबत दर किलोला ७ मिलिग्रॅमच्या वर न जाणारं हे औषध इथे ३५, काही ठिकाणी ५५ मिलिग्रॅमपर्यंत सहन होतं. यकृत ते येईल तसं मोडत राहतं. मोडण्याचा वेग मंदावला तर रक्तातली पातळी वर जाऊ शकते. ती शिखरावर पोहोचते शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर बारा तासांच्या आसपास. म्हणजे रात्री, वॉर्डमध्ये, सगळे निवांत झालेले असताना. ओठांभोवती मुंग्या, जिभेला धातूची चव, कानात गुंई आवाज, गरगरणं, आणि वेळीच ओळखलं नाही तर झटके किंवा हृदयाचे ठोके बिघडणं.

घाबरवण्यासाठी सांगत नाही. उपाय साधा आहे: माहीत असलं की लिडोकेनची मात्रा कमी करतात, संपूर्ण भूल असेल तर ते गाळतातही, किंवा गोळी बंद करून वाट बघतात. इट्राकोनॅझोल बंद केल्यावर रक्तातून जवळजवळ नाहीसं व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. फ्लुकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन हीसुद्धा तेच एन्झाइम अडवतात. लघवीच्या जळजळीवर मिळणारं सिप्रोफ्लॉक्सॅसिन दुसऱ्या एका एन्झाइममधून हाच घोळ करू शकतं. स्वतःहून मात्र काही बंद करू नका. कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून, दिवसाला किती, एवढं कागदावर लिहा. बंद कधी करायची ते सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ बोलून ठरवतील.

नायट्याची जागाही बघितली पाहिजे. पाठीवर कोरडा चट्टा असेल तर पोटाची शस्त्रक्रिया बहुधा थांबत नाही. पण घडीतली कातडी ओली, लाल, भेगा पडलेली, वास येणारी असेल तर त्या भेगांत बुरशीसोबत जंतूही बसलेले असतात आणि छेद त्यातूनच किंवा अगदी कडेने जातो. हा भाग कातडीसोबत कापूनच टाकायचा आहे, मग कशाला थांबायचं, असं विचारलं जातं. पण सुरी त्याच कातडीवरून पोकळीत शिरते. आधी ते कोरडं करावं लागतं: अंघोळीनंतर घडी उचलून टिपून पुसायची, केस वाळवायच्या यंत्राची थंड हवा दोन मिनिटं, घडीत सुती कापडाची पट्टी ठेवायची, घामेजली की बदलायची. डोंबिवली ते अंधेरी असा रोजचा प्रवास असेल तर एक जादा पट्टी पर्समध्ये असू द्या. जुना, स्टेरॉइड लावलेला नायटा पूर्ण जायला चार ते सहा आठवडे सहज लागतात, कधी जास्त.

घसा

नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, छाती मोकळी, एवढ्यावर तेवढ्याच जागेची भूल देऊन तीळ काढण्याइतकी छोटी गोष्ट करता येते. संपूर्ण भूल देऊन, नळी घालून, तीन-चार तास चालणारी ऐच्छिक शस्त्रक्रिया वेगळी. विषाणूने सोलवटलेली श्वासनलिका आठवडाभरात बरी वाटते, पण तिची चिडखोरी चार ते सहा आठवडे टिकू शकते. नळी घालताना किंवा काढताना ती आवळून बसते, ऑक्सिजन खाली येतो. दमा असेल किंवा सिगारेट असेल तर आणखी. म्हणून नाक-घशापुरती सर्दी असेल तर लक्षणं संपल्यावर साधारण दोन आठवडे, आणि कफ, ताप, छातीत घरघर असेल तर चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. कोविड निघाला तर सौम्य आजारात निदान दोन आठवडे. सुरुवातीच्या वर्षांत ही मुदत सात आठवड्यांची होती.

टमी टकमध्ये खोकल्याचा एक वेगळाच त्रास आहे. बाळंतपणानंतर मधून फाकलेले पोटाचे दोन उभे स्नायू या शस्त्रक्रियेत एकमेकांजवळ ओढून वरपासून खालपर्यंत टाक्यांनी आवळतात. त्या पहिल्या आठवड्यात माणूस कमरेत वाकून चालतो, उशी पोटाशी धरून शिंकतो. अशा वेळी रात्रभर कोरडा खोकला सुरू झाला तर प्रत्येक ढासेला पोटातला दाब उसळतो, टाके ताणले जातात, पदराखालची एखादी आकसलेली रक्तवाहिनी पुन्हा सुटते आणि रक्त साठतं. नाकाच्या शस्त्रक्रियेत शिंकेचं तसंच.

घरगुती उपायांबद्दल सांगायला हवं, कारण कुणी ते ‘औषध’ म्हणून सांगत नाही. भाजीतलं आलं-लसूण चालेल. पण रोज दोन पेले काढा, वर हळदीच्या कॅप्सूल आणि लसणाच्या गोळ्या असतील तर रक्त गोठण्याला अडथळा येऊ शकतो. ज्येष्ठमध दिवसेंदिवस चघळल्याने पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो. ही सगळी शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी बंद. अंगदुखीवर अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळा, पॅरासिटामॉल चालेल. बंद नाक उघडणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतलं फेनिलेफ्रिन आणि लायपोच्या पाण्यातलं अ‍ॅड्रेनलिन दोन्ही रक्तदाब चढवतात, तेही सांगा. आणि ‘लवकर बरं वाटावं’ म्हणून कुणी स्टेरॉइडचं इंजेक्शन ठोकलं असेल तर ते आवर्जून सांगा: त्याने ताप झाकला जातो, साखर वाढते, जखम भरायला वेळ लागतो.

बाकीची इन्फेक्शनं

लघवीला जळजळ, वारंवार जावं लागणं, ओटीपोटात कळ असेल तर रूटीन आणि कल्चर. सुरुवातीची थोडी धार सोडून मधली घ्यायची, आधी पाण्याने धुऊन. रिपोर्टमध्ये पू पेशींसोबत ‘एपिथेलियल सेल्स’ भरपूर असतील तर नमुनाच नीट घेतलेला नाही, परत द्या. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात. जळजळ असेल तर उपचार आणि मग तारीख. त्रास काहीच नाही, फक्त कल्चरमध्ये जंतू निघाले, तर अशा शस्त्रक्रियेसाठी सहसा अँटिबायोटिक लागत नाही. उगाच घेतलं तर पुढच्या वेळी तेच निकामी.

जुलाब-उलटी झाली असेल तर पोटॅशियम आणि शरीरातलं पाणी पूर्ववत व्हायला आठवडाभर द्या. दाढ ठणकत असेल, हिरडीला गळू असेल, तर आधी दंतवैद्य. डोळे आले असतील किंवा रांजणवाडी असेल तर पापणीची शस्त्रक्रिया ती पूर्ण जाईपर्यंत नाही. नखुरडं पायाच्या अंगठ्याला असलं तरी सांगा. ओठांवर पाण्याच्या फोडांचा पुंजका अधूनमधून येत असेल, ज्याला घरात ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणतात, तर तो हर्पिसचा विषाणू. पोटाच्या शस्त्रक्रियेला त्याने फार फरक पडत नाही. चेहऱ्यावर लेझर किंवा खोल पील (रसायनाने कातडीचे वरचे थर काढणं) करायचं असेल तर मात्र तो ताज्या कातडीवर सगळीकडे पसरून व्रण ठेवू शकतो, म्हणून त्या विषाणूवरचं व्हॅलासायक्लोविर आधीपासून सुरू करतात.

पावसाळ्यातला ताप ही मुंबईची खास गोष्ट. जून ते ऑक्टोबरमध्ये ताप आला की ‘व्हायरल असेल’ म्हणून सोडू नका. सीबीसी, मलेरियाची तपासणी, आणि पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस१. साचलेल्या पाण्यातून चालत गेला असाल तर लेप्टोचंही (अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं) डॉक्टरांना सांगा. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात हे सगळ्यांना माहीत आहे. यकृतावरही सूज येते हे कमी लोकांना माहीत असतं, आणि लिडोकेन मोडणारं यकृतच. प्लेटलेट दीड लाखावर आल्या म्हणजे झालं असं नाही, यकृताचे रिपोर्टही परत बघतात. त्यात टमी टक ही पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असलेली कॉस्मेटिक शस्त्रक्रिया आहे आणि नुकतंच झालेलं मोठं इन्फेक्शन तो धोका वाढवतं.

फोनवर काय सांगायचं

‘थोडं बरं नाही’ असं सांगू नका. समोरून ‘काळजी घ्या, भेटू’ एवढंच उत्तर येईल. असा मेसेज पाठवा: ‘माझी शस्त्रक्रिया अमुक तारखेला आहे. उजव्या जांघेत केसतोड, अमुक दिवसापासून, पू आला, आकार इतका. अमुक अँटिबायोटिक, इतके मिलिग्रॅम, दिवसातून इतक्यांदा, अमुक तारखेपासून. घसा कालपासून, ताप इतका. पोटाच्या घडीत नायटा, इट्राकोनॅझोल अमुक तारखेपासून, सोबत ही ट्यूब. दाखवायला कधी येऊ?’ फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, शेजारी एक नाणं ठेवून. ताप पॅरासिटामॉल घेण्यापूर्वी मोजलेला, १००.४ फॅरनहाइटच्या वर असेल तर तो ताप धरायचा. फोटो बघून कुणी ‘चालेल, या’ म्हटलं तरी प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय मानू नका. आणि हा मेसेज भूलतज्ज्ञांपर्यंत जाईल याची खात्री करा. अनेक ठिकाणी ते शस्त्रक्रियेच्या सकाळीच पहिल्यांदा भेटतात, तेव्हा उशीर झालेला असतो.

माझा अंदाज: तुमची तारीख चार ते सहा आठवडे पुढे जाईल, केसतोडापेक्षा नायट्यामुळे. अ‍ॅडव्हान्सबद्दल आजच, लेखी विचारा. आठ दिवस आधी कळवलं तर तारीख बदलून देताना बहुतेक ठिकाणी खळखळ होत नाही. थिएटरच्या दारातून परत पाठवलं तर भूलतज्ज्ञांचे आणि थिएटरचे पैसे अडकू शकतात. मेडिक्लेम कॉस्मेटिक शस्त्रक्रियेला सहसा लागू होत नाही, आणि तिच्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीलाही बहुधा नाही. तेव्हा जखम उघडून रोज ड्रेसिंग, पुन्हा भूल, पुन्हा टाके हा खर्च खिशातूनच. रजेचं म्हणाल तर ऑफिसला ‘शस्त्रक्रिया वैद्यकीय कारणाने पुढे गेली’ एवढं डॉक्टरांचं पत्र पुरतं. कोणती शस्त्रक्रिया, ते सांगायची गरज नाही. तुमचे सर्जन तपासून ‘लायपो नंतर, आधी टमी टक’ किंवा ‘दोन्ही एकदम, पण लिडोकेनशिवाय’ असंही ठरवू शकतात. तो निर्णय त्यांचा. सगळी माहिती समोर ठेवूनही कुणी कारण न देता ठरल्या दिवशीच उरकायची घाई करत असेल, तर मात्र दुसरं मत घ्या.

नवी तारीख मिळाली की त्याआधीचे तीन आठवडे वॅक्सिंग नको, रेझर तर नकोच. रेझरने कातडीवर दिसत नाहीत असे ओरखडे पडतात आणि त्यांतच जंतू बसतात. केस काढायची गरज पडलीच तर थिएटरमध्ये क्लिपरने काढतील. नाकात स्टॅफ निघाला तर काही सर्जन म्युपिरोसिनचं २ टक्क्यांचं मलम दोन्ही नाकपुड्यांत दिवसातून दोनदा, पाच दिवस लावायला देतात. शेवटचे दहा दिवस गर्दीच्या लोकलमध्ये मास्क, शक्य असेल तर घरून काम, आणि गणपतीचे किंवा लग्नसराईचे दिवस असतील तर दहा घरी जाणं टाळा. घरात मूल शाळेतून सर्दी घेऊन आलं तर टॉवेल आणि पेला वेगळा. आदल्या रात्री आणि त्या सकाळी क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने, नसेल तर साध्या साबणाने, बेंबी आणि घड्यांसकट अंघोळ. नंतर तेल, पावडर, क्रीम काही नाही. धुतलेली चादर, धुतलेले कपडे.

त्या सकाळी निघण्यापूर्वी आरशासमोर उभं राहून जांघ, काखा, स्तनांखालची घडी, पोटाखालची घडी एकदा बघा, आणि गोळी न घेता ताप मोजा. काही नवीन दिसलं तर टॅक्सी बोलावण्याआधी फोन करा.